पहिली पंगत, दुसरी पंगत की वाट्टेल तेव्हा? क्रूझवरच्या जेवणाची वेळ कशी ठरवायची

वन्संचा फोन आला तो रात्री साडेदहाला, म्हणजे काम तातडीचं. "अगं, क्रूझचा फॉर्म भरतोय. सगळं झालं, आता डायनिंगचं विचारतायत. फिक्स्ड अर्ली, फिक्स्ड लेट का फ्लेक्सिबल? तुझे भावोजी म्हणतात काहीही टाक, जेवायलाच तर जायचंय."

मी म्हटलं, वन्सं, काहीही टाकू नका. केबिनला खिडकी नसली तरी दोन दिवसांत सवय होते. जेवणाची वेळ चुकली की मात्र रोज संध्याकाळी नव्याने वाद. आमच्याकडे झालेत, म्हणून सांगते.

आधी हे शब्द म्हणजे काय ते बघू. मंगल कार्यालय डोळ्यांसमोर आणा. फिक्स्ड म्हणजे पंगत. मुख्य डायनिंग रूममध्ये सगळी माणसं एका वेळी मावत नाहीत, म्हणून दोन पंगती बसतात. पहिली साधारण साडेपाच-सहाला, दुसरी आठ-साडेआठला. फक्त इथे पहिल्या पंगतीला बसलेला माणूस शेवटच्या दिवसापर्यंत पहिल्याच पंगतीला बसतो, रोज त्याच टेबलावर. वाढपीही तेच, एक वेटर आणि एक त्याचा मदतनीस.

फ्लेक्सिबल म्हणजे बुफे, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. मेनू तोच, टेबलावर आणून वाढणंही तेच, फक्त साधारण पावणेसहा ते साडेनऊच्या दरम्यान कधीही जायचं. रविवारी रात्री डेक्कनला थाळी खायला गेलात की बाहेर नाव लिहून उभं राहावं लागतं ना, तसा प्रकार. बुफे निराळा. तो बहुतेक जहाजांवर वरच्या मजल्यावर असतो, आणि तुम्ही फॉर्मवर काहीही टाकलेलं असलं तरी तो तुमचाच आहे.

आधी बघा, निवड करायला वाव आहे का

सगळ्या कंपन्या सगळे पर्याय देत नाहीत. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली फ्रीस्टाइल म्हणून जी पद्धत आणली तिच्यात ठरलेली पंगतच नाही, हवं तेव्हा हवं तिथे जा. डिस्नेवर उलट: वेळ ठरलेली, पण रेस्टॉरंट रोज बदलतं, आणि तुमचे वेटर तुमच्यामागोमाग त्या रेस्टॉरंटला येतात. लहान मुलांना याची फार गंमत वाटते. रॉयल कॅरिबियनवर ट्रॅडिशनल (म्हणजे पंगत) आणि माय टाइम (म्हणजे फ्लेक्सिबल) असे दोन प्रकार, कार्निव्हलवर अर्ली, लेट आणि युअर टाइम (हेही फ्लेक्सिबलच). युरोपातल्या कॉस्टा, एमएससीच्या जहाजांवर दोन पंगतींचीच पद्धत रुळलेली आहे. क्यूनार्डच्या क्वीन मेरी २ वर साध्या केबिनवाल्यांना ब्रिटानिया रेस्टॉरंटमध्ये दोन पंगती आणि महागड्या ग्रिल सूटवाल्यांना हवं तेव्हा जेवायची मुभा. आपल्याकडे असं कुणी केलं असतं तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचकांची पत्रं आली असती.

मुंबईहून कॉर्डेलियाच्या जहाजाने गोव्याला दोन-तीन रात्री जाऊन येणार असाल तर फार डोकं लावू नका. तिथे शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं, घड्याळ आपलंच असतं, आणि वेळेला सरावेपर्यंत बॅलार्ड पिअरला परत आलेलो असतो. पुढचं सगळं आहे ते सिंगापूर, युरोप, अमेरिकेच्या क्रूझसाठी.

पोटातलं घड्याळ पुण्याचंच असतं

आमची पहिली क्रूझ सिंगापूरहून, चार रात्रींची. सासूबाई-सासरे बरोबर होते, म्हणून मी शहाणपणा करून पहिली पंगत घेतली. म्हाताऱ्या माणसांना लवकर जेवायची सवय असते, हा माझा हिशेब. पंगत होती पावणेसहाची. आणि सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे. म्हणजे पांढराशुभ्र रुमाल मांडीवर घेऊन आम्ही जेवायला बसलो तेव्हा सासऱ्यांच्या पोटात सव्वातीन वाजले होते. त्यांनी मेनू उघडला, मिटला आणि म्हणाले, "चहा मिळेल का?"

वेटरने खरंच चहा आणला. सूप, मग मुख्य पदार्थ, मग गोड, असा तो सगळा क्रम आमच्यासमोर आला आणि जवळजवळ तसाच परत गेला. रात्री दहाला मात्र सगळ्यांना भूक लागली आणि आम्ही केबिनमध्ये पलंगावर वर्तमानपत्र पसरून बाकरवडी खाल्ली. (सीलबंद कोरडा खाऊ बहुतेक जहाजांवर नेता येतो. घरी केलेल्या पोळ्या, गूळपोळ्या नेण्याच्या भानगडीत पडू नका.)

तेव्हा फॉर्म भरण्याआधी कागदावर एवढंच मांडा: जेवणाची तिथली वेळ आणि त्या वेळी पुण्यात किती वाजलेले असतील.

सिंगापूरला दुसरी पंगत सव्वाआठची धरली तर पुण्यात पावणेसहा. तीन-चार रात्रींत पोट काही नव्या वेळेला वळत नाही, म्हणून तिथे डोळे मिटून दुसरी पंगत. युरोपात उलटा हिशेब. उन्हाळ्यात स्पेन-इटली आपल्या साडेतीन तास मागे असतात आणि तिथल्या पंगतीही जरा उशिराच्या असतात. पहिली साडेसहाची असेल तर पुण्यात रात्रीचे दहा. दुसरी नऊची असेल तर पुण्यात साडेबारा, आणि गोड येईपर्यंत अर्धं कुटुंब टेबलावरच पेंगायला लागतं. हिवाळ्यात मायामीहून निघणार असाल तर फरक साडेदहा तासांचा. संध्याकाळी सहा म्हणजे पुण्यात पहाटेचे साडेचार. तिथे कुठलीच पंगत सोयीची नाही. दोन दिवस आधी पोचा, झोप लावून घ्या, मग जहाजावर चढा.

घरात कुणाला जेवणाआधी इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी लागत असेल तर हा कागद डॉक्टरांनाही दाखवा. अशा माणसासाठी ठरलेली वेळ सोयीची पडते. फ्लेक्सिबलमध्ये इंजेक्शन घेऊन दाराशी अर्धा तास उभं राहण्याची वेळ येऊ शकते.

उपास, चौविहार आणि चंद्रोदय

हे कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात सापडणार नाही.

आमच्या शेजारचं जैन कुटुंब चौविहार पाळतं, म्हणजे सूर्यास्तानंतर काही खात-पीत नाही. सिंगापूरला सूर्य वर्षभर सातच्या आसपास मावळतो. म्हणजे त्यांच्यासाठी पहिली पंगत, दुसरा विचारच नाही, मग पोटात सव्वातीन वाजलेले असले तरी. जूनमध्ये बार्सिलोनाला तोच सूर्य साडेनऊच्या सुमाराला मावळतो, तिथे त्यांना निवांत जेवता येतं.

संकष्टी करणाऱ्यांचं बरोबर उलट. चंद्रोदय रात्री नऊ-साडेनऊचा आणि पंगत सहाची, मग उपास सुटायचा कसा? त्या दिवशी दुसरी पंगत किंवा फ्लेक्सिबलच उपयोगाला येतं. आणि पंचांगात पाहिलेली चंद्रोदयाची वेळ पुण्याची असते, भूमध्य समुद्रातली नव्हे. जहाजावर डेकवर जाऊन चंद्र डोळ्यांनी बघणं सोपं.

बंदरांचा कागद समोर घ्या

क्रूझच्या कार्यक्रमात कुठल्या दिवशी कुठलं बंदर, किती वाजता उतरायचं आणि किती वाजता परत, हे दिलेलं असतं. त्यातली परतीची वेळ महत्त्वाची.

रोमचं उदाहरण घ्या. जहाज रोमला लागत नाही, चिव्हितावेक्कियाला लागतं, आणि तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. सकाळी आगगाडीने जायचं, कलोसियम बघायचं, ऊन खायचं, परत यायचं. साडेपाच-सहाला जहाजावर पाय ठेवता तेव्हा पाय सुजलेले, अंग चिकट. अर्ध्या तासात आंघोळ करून बरे कपडे घालून साडेसहाला टेबलावर हजर व्हायचं? फ्लोरेन्ससाठी लिव्होर्नोला उतरतात, तिथेही हेच. रोज एक बंदर असलेल्या युरोपच्या क्रूझला पहिली पंगत म्हणजे रोजची पळापळ. तिथे पोटाचं घड्याळ पहिल्या पंगतीकडे ओढतं आणि बंदरं दुसरीकडे, म्हणून तिथे मी फ्लेक्सिबल घेते आणि सातच्या सुमाराची वेळ रोज नोंदवून ठेवते.

समुद्रातले दिवस जास्त असतील, बंदरं दोन-तीनच, तर पहिली पंगत छान. दुपारी झोप, आंघोळ, जेवण आणि पुढे सगळी रात्र मोकळी.

एक मात्र आहे. जहाज बंदर सोडतं ती वेळ बरेचदा संध्याकाळी पाच-सहाचीच असते. पहिल्या पंगतीवाले तेव्हा आत सूप पीत असतात.

नाटक आधी की जेवण आधी

बालगंधर्वला रात्री साडेनऊचा प्रयोग असला की आपण जेवून जातो, साडेपाचचा असला की येऊन जेवतो. जहाजावर हे तुमच्यासाठी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. थिएटरमध्ये एकाच कार्यक्रमाचे बहुधा दोन खेळ होतात. पहिली पंगत जेवून उठली की दुसरा खेळ बघते, दुसरी पंगत पहिला खेळ बघून जेवायला येते. ठरलेली पंगत घेतलीत तर हे आपोआप जुळतं. फ्लेक्सिबलवाल्यांनी मात्र आधी खेळाची वेळ बघावी आणि जेवणाला दीड-पावणेदोन तास धरावेत. तेवढे लागतातच. आपल्याला वीस मिनिटांत ताट संपवून हात धुवायची सवय, तिथे दोन पदार्थांच्या मधला वेळ गप्पांचा असतो. लहान मुलं आणि कडक सासरे यांना हा मधला वेळ फार जड जातो. काही जहाजांवर मुलांचं आधी वाढून त्यांना खेळायला घेऊन जायची सोय असते, ती विचारून घ्या.

वाढपी ओळखीचा असला की

आता माझं मत. पहिलीच क्रूझ असेल, घरात शाकाहारी माणसं असतील आणि बंदरांची फार गर्दी नसेल, तर ठरलेली पंगत घ्या. कारण वेळ नव्हे, वाढपी.

फ्लेक्सिबलमध्ये रोज नवा वेटर. म्हणजे रोज पहिल्यापासून सुरुवात: मासे नाही, अंडं नाही, हो, चिकनही नाही. ठरलेल्या टेबलावर हे एकदाच सांगायचं. मागच्या खेपेला आमचा वेटर पहिल्या रात्री सगळं लिहून घेऊन गेला. दुसऱ्या रात्री गोड झाल्यावर तो उद्याचा मेनू घेऊन आला आणि कुठल्या पदार्थात काय आहे ते एकेक बोट ठेवून सांगितलं, आमच्यासाठी एक भारतीय भाजी आणि भात वेगळा सांगून ठेवला. तिसऱ्या रात्री आम्ही बसायच्या आत सासऱ्यांच्या जागेसमोर छोट्या वाटीत चिरलेल्या हिरव्या मिरच्या. कुणी मागितल्या नव्हत्या. आदल्या रात्री त्यांनी पास्त्यावर तिखट सॉस किती ओतला ते त्याने पाहिलं होतं. त्या वाटीनंतर सासऱ्यांनी जहाजाबद्दल एकही तक्रार केली नाही.

वेटरला काय विचारायचं तेही माहीत हवं. नुसतं व्हेजिटेरियन म्हणून भागत नाही, त्यात अंडं धरलेलं असतं. फ्रेंच अनियन सूप नावाला कांद्याचं, पण मूळ पद्धतीत ते बीफच्या स्टॉकमध्ये करतात. रिसोटोत बरेचदा चिकनचा स्टॉक असतो. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाचे बारके मासे. पॅना कोटा आणि मूससारख्या गोडात जिलेटिन असू शकतं, आणि ते जनावरांपासून काढतात. जैन जेवण हवं असेल तर जैन हा शब्द सांगून थांबू नका, कांदा, लसूण, बटाटा, गाजर, अशी नावं घेऊन सांगा. हे बुकिंगच्या वेळीच लेखी कळवायचं, काही आठवडे आधी. जहाजाचं सामान निघण्याआधी भरलेलं असतं, भर समुद्रात मंडई नाही.

टेबल किती जणांचं

फॉर्मवर टेबलाचा आकारही विचारतात: दोन, चार, सहा, आठ, दहा. दोघंच जाणार असाल आणि मोठं टेबल टाकलंत तर अनोळखी माणसांबरोबर बसावं लागेल. काहींना तेच आवडतं. माझ्या मैत्रिणीची स्कॉटलंडच्या एका जोडप्याशी अशीच ओळख झाली आणि आता दिवाळीला शुभेच्छा येतात. पण तुम्ही मितभाषी असाल तर सात रात्री हवामानावर बोलणं कठीण आहे. तेव्हा दोघांचं टेबल मागा. ती थोडी असतात, म्हणून लवकर मागा.

तीन-चार कुटुंबं मिळून जात असाल तर सगळ्यांनी एकच पंगत टाका आणि सगळी बुकिंग एकमेकांना जोडून घ्या. एकाच एजंटने केली म्हणजे ती जोडलेली असतात असं धरून चालू नका. बुकिंग क्रमांक घेऊन स्पष्ट सांगा की या चार केबिनना एकत्र बसवा. आमच्या एका एजंटने "हो हो, झालंय" म्हणून सांगितलं होतं आणि जहाजावर गेल्यावर दीर-जाऊ पहिल्या पंगतीला, आम्ही दुसऱ्या. दहा-बारा माणसांना फ्लेक्सिबलमध्ये ऐनवेळी एकत्र टेबल मिळणं तर फार अवघड.

फॉर्म भरला, पुढे

हवी ती पंगत भरलेली असली तर प्रतीक्षायादीत नाव घालायला सांगा आणि दुसरा पर्याय म्हणून फ्लेक्सिबल ठेवा. बुकिंगच्या वेळी जागा नसली तरी जहाजावर बरेचदा मिळते, कारण पहिल्या दिवशी लोक आपापसात वेळा बदलून घेत असतात.

त्यासाठी जहाजावर चढलात की बुफेकडे धाव घेण्याआधी केबिनचं कार्ड किंवा कंपनीचं अ‍ॅप बघा. त्यावर पंगतीची वेळ आणि टेबल क्रमांक असतो. चूक असेल तर दुपारीच डायनिंग रूमशी जा. तिथला मुख्य, त्याला मेत्र दी म्हणतात, पहिल्या दुपारी अशा बदलांसाठी बसलेला असतो. आवाज चढवू नका, पैसे पुढे करू नका, कारण सांगा. "वडील ऐंशीचे आहेत, गोळी आठच्या आत लागते" हे वाक्य पुरतं. आणि दार कुठे आहे ते तेव्हाच बघून ठेवा. चार हजारांवर माणसं असलेल्या जहाजावर एकाच डायनिंग रूमला दोन-तीन मजले असू शकतात आणि तुमचं टेबल नेमकं ज्या जिन्याने तुम्ही गेलात तिथे नसतं.

फ्लेक्सिबल घेतलंत तर साडेसहा ते साडेसातची गर्दी टाळा किंवा अ‍ॅपवर वेळ आधी नोंदवा. एखादा वेटर आवडला तर दुसऱ्या दिवशी दाराशी त्याचं नाव सांगून त्याच्याच टेबलावर बसवायची विनंती करता येते. रोज एकाच वेळी त्याच्याकडे गेलात की फ्लेक्सिबलमध्येच तुमची पंगत तयार.

ठरलेल्या पंगतीला मात्र उशीर करू नये. पंधरा-वीस मिनिटांनंतर सगळं टेबल तुमच्यासाठी खोळंबतं, कधी दारच बंद होतं. एखाद्या रात्री पिझ्झा खायचा असेल, किंवा पैसे भरून दुसऱ्या रेस्टॉरंटला जायचं असेल तर आदल्या रात्री वेटरला सांगा. मेसला खाडा सांगतो तसंच. फक्त खाड्याचे पैसे इथेही परत मिळत नाहीत.

कपड्यांचं थोडक्यात: संध्याकाळी हाफपँट चालत नाही असं धरून चाला, आठवड्याच्या क्रूझला दोनेक रात्री नटून जायच्या असतात, आणि साडी सगळीकडे चालते. टिप रोजच्या हिशेबात आपोआप लागते. वर काही द्यायचं ते तुमच्या मनावर.

शेवटची रात्र तेवढी लक्षात ठेवा. मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून रात्री दहा-अकराच्या आत केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्या थेट बंदरावर मिळतात. पहिल्या पंगतीवाल्यांना जेवून येऊन बॅगा भरता येतात. दुसऱ्या पंगतीवाल्यांनी जेवायला जायच्या आधी भराव्यात, आणि सकाळचे कपडे, औषधं, पासपोर्ट हातातल्या पिशवीत काढून ठेवावेत. आमच्याकडे घाईत सासऱ्यांची कवळीची डबी मोठ्या बॅगेत गेली होती, आतल्या कवळीसकट.